गच्चीवरची मोहरी आणि मामींचे दशावतार

नाही, पण मला एक सांगा, मोहरी उगवली यात माझा काय गुन्हा? मातीत टाकली, पाणी शिंपडलं, चार दिवसांत उगवली! मोहरी ती, तिला कोण सांगणार की या घरात यंदा काही नाही? पण सगळे मलाच ओरडतात. "गणेशा, तुला अक्कल आहे का?" नाही! आठवीत शाळा सोडली तेव्हाच गल्लीभर जाहीर झालं होतं ते, आता पुन्हा पुन्हा काय विचारायचं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्या तंजावुरात नवरात्र म्हणजे गोलू. घरात पायऱ्या लावायच्या, त्यावर बाहुल्या मांडायच्या, देव, राजे, लग्नाची वरात, दुकान मांडून बसलेला चेट्टियार आणि त्याची जाडी बायको... संध्याकाळी बायका घरोघर जाणार, गाणं म्हणणार, हरभऱ्याचं सुंडल खाणार. ते झालं बायकांचं. पोरांचं काय? तर पायऱ्यांच्या पुढे, जमिनीवर, पोरांनी पार्क करायचा, म्हणजे छोटंसं गावच! माती पसरायची, मोहरी पेरायची, हिरवी वर आली की झालं शेत. मग डोंगर, देऊळ, काडेपेट्यांची घरं. आणि आमच्याकडे तर कालवा! वाहता! खरं पाणी हो! सगळी गल्ली बघायला यायची. का नाही येणार? करणारा कोण? आमचा अण्णा! कालव्याची दारं उघडायची-मिटायची सरकारी नोकरी त्याची. दिवसभर भातशेतांना पाणी सोडायचा आणि घरी येऊन पोरांच्या मोहरीला.

अण्णा गेला. वैशाखात. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर, मोपेडवरून येताना... ते राहू दे. ते सांगायला बसलो तर तुम्हाला घरी जायला उशीर होईल.

तर घरात असं झालं की वर्षभर सण नाही. अण्णाची बायको, धनलक्ष्मी वहिनी, तिने बाहुल्यांच्या ट्रंकेकडे पाहिलंसुद्धा नाही. "यंदा काही नाही," म्हणाली. बरं. पण मग समोरची आजी, "तुमच्याकडे यंदा काही नाही, नाही का रे?" इस्त्रीवाला, "यंदा काही नाही ना?" फुलवाली माझी गाडी थांबवून विचारते, "यंदा काही नाही?" अहो नाही, नाही, नाही! दारावर पाटी लावू का?

मोठ्यांचं ठीक आहे. पण अण्णाची पोरं! तिमाही परीक्षा संपलेली, सुट्टी लागलेली, विघ्नेश नऊ वर्षांचा, विनुता पाच. विनुता रडते, तिला मिठाई देता येते. विघ्नेश काही मागतच नाही! मागितलं असतं तर रागावता तरी आलं असतं. गच्चीवर बसायचा आणि ओल्या बोटाने फरशीवर रेघ ओढायचा. काय काढतोस रे? "कालवा." उन्हात रेघ वाळायची, हा पुन्हा ओढायचा. आता सांगा! तुम्ही काय केलं असतं? माझ्या तोंडातून निघून गेलं, "करू या रे!"

"काका, पण यंदा काही नाही ना?" विनुता.

मी म्हटलं, "अगं, बाहुली नाही तर गोलू नाही. हे नुसतं शेत आहे. सण नाही म्हणून कावेरीकाठी कोणी शेत करायचं थांबलंय का?" वकील व्हायला पाहिजे होतं मी!

आणि मग जी धमाल सुरू झाली, तुम्हाला सांगतो! वहिनी सकाळी कॉलेजच्या ऑफिसात गेली की आम्ही तिघं मोपेडवर. कालव्याकाठची चिकणमाती पोत्यात भरली, विनुता पोत्यावर बसली आणि गावातून वरात निघावी तसे घरी आलो! नारळाच्या करवंट्यांचे डोंगर, पुठ्ठ्याचं देऊळ, झाडूच्या काड्यांचा पूल... पोरांचे फक्त डोळे ओळखू येत होते, बाकी चिखल! विघ्नेश हसला. मोठ्याने. मी दुसरीकडे तोंड केलं, माझ्या डोळ्यात माती गेली होती.

चौथ्या दिवशी मोहरी वर आली आणि वहिनी गच्चीवर आली.

"भावजी, हे काय?"

"मोहरी."

"कशाला?"

"भाजीला."

"देवळासकट?"

जाताना एवढंच म्हणाली, "मी सांगितलंय. यंदा काही नाही."

राहिला होता कालवा. अण्णा सलाईनची नळी लावायचा, तिचं ते छोटं चाक फिरवून थेंब थेंब पाणी सोडायचा. मी म्हटलं, थेंब? हा कालवा आहे की आजारी माणूस? टाकीच्या नळाला मोठा पाइप लावला आणि नळ सोडला, पूर्ण! काय दृश्य होतं! कागदाची नाव सुसाट, विनुता किंचाळतेय, शेजारची पाच पोरं कठड्यावरून उड्या मारून आत... पूल गेला. देऊळ गेलं. गच्चीचं पाणी जायचं भोक आमच्याच मातीने बंद! आणि गच्चीच्या मधोमध, खालच्या अलमेलु मामींच्या हॉलमध्ये उजेड जावा म्हणून बसवलेली काच. फटीसकट.

आणि मामींनी त्याच दिवशी काय करावं? माळ्यावरून आपल्या बाहुल्या काढून, पुसून, त्याच काचेखाली मांडून ठेवाव्यात!

"अय्योऽऽ! गणेशा! दशावतार बुडाले रे!"

मी वरूनच ओरडलो, "मामी, घाबरू नका! मत्स्य आणि कूर्म वाचतील!"

तेव्हा त्यांनी हातातलं ओलं फडकं वर फेकलं. काचेला लागलं म्हणून मी वाचलो.

आता कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या त्या, ऊन दिलं नाही तर फुगणार. ऊन कुठे? आमच्या गच्चीवर! मग काय, मी आणि पोरं, एकेक बाहुली पोटाशी धरून वर. मामी खालून मोजतायत, मी मिळेल तिथे ठेवतोय. शेताच्या बांधावर राम, डोंगरावर चेट्टियार, वामन सगळ्यात पुढे, कारण तो सगळ्यात ओला. शेवटची बाहुली ठेवली आणि मागे वळलो. दारात वहिनी.

समोर हिरवं शेत, भोवती एकशेबारा बाहुल्या. कोणीही बघितलं असतं तर काय म्हटलं असतं?

माझी वकिली संपली. मामीच धापा टाकत वर आल्या. "धनलक्ष्मी, हे माझं आहे गं. वाळत घातलंय. तुमच्याकडे यंदा काही नाही, मला माहीत आहे."

आणि तेवढ्यात विघ्नेश काय करतो? घरातून ती सलाईनची नळी आणतो, नळाला जोडतो, चाक फिरवतो, थेंब... थेंब... आणि कालवा वाहायला लागला! कोणी शिकवलं नव्हतं हो त्याला! वहिनी त्या पाण्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आता रडणार. मी तयार होतो, मी तर निम्मा सुरूच झालो होतो...

"भावजी," ती म्हणाली, "कूर्माच्या आधी वराह कोणी ठेवला?"

"अगं, वाळतायत नुसते!"

"वाळतायत म्हणून काय झालं?"

आणि खाली बसली! पर्स खांद्यालाच! वराह मागे, चेट्टियार बायकोशेजारी, वरात कालव्याच्या काठाने... पोरं धावून धावून हातात देतायत, मामी म्हणतायत, "माझ्या घरात गोलू इतका सुंदर कधी लागला नाही गं!" दोन तास! दोन तासांनी पूर्ण झाला आणि आम्ही सगळे उभे राहून बघणार, इतक्यात आभाळ भरून आलं.

एकशेबारा बाहुल्या परत खाली! बरं, त्याच क्रमाने लावल्या पाहिजेत, वहिनीचा हुकूम. पण ती खाली येणार नाही, वर्ष झाल्याशिवाय दुसऱ्याच्या गोलूला जायचं नाही ना! मग काय? ती वर दाराशी उभी राहून सांगणार, मामी खाली लावणार. "भावजी, नरसिंह डावीकडे सरकवायला सांगा!" मी खाली. "डावीकडे म्हणजे कोणाच्या, विचारून ये!" मी वर. नरसिंहाच्या! खाली. सरकवला, आता पुढे काय? वर...

मामींच्या गोलूला पायऱ्या नऊ. आमच्या जिन्याला एकवीस. गोलू त्यांचा, मांडणी वहिनीची, कालवा विघ्नेशचा... आणि अजून नवरात्र सुरू व्हायचंय.