नाळेतून नेलेला रिकामा पाळणा

ऐका रे, जवळ सरका. चुलीत एक लाकूड सारा आधी.

माझ्या आईचा बाप, भागोजी सुतार, घाटाखालचा. लेक चंद्रा दिलेली वर, घाटमाथ्यावर. आठव्या महिन्यातच मोकळी झाली, म्हणून बाळंतपणाला माहेरी यायचं राहून गेलं. मुलगी झाली. आता बारशाचा पाळणा आजोळचा, खरं ना? भागोजी दिवसभर पाळणा घासत बसला, नि दिवस बुडाला. बारसं दुसऱ्या दिवशी. पाळणा पोचला नाय तर लेकीनं सासरी मान वर कशी करायची?

बैलगाडीच्या वाटेनं दोन दिवस. नाळेनं एक रात्र. नाळ म्हणजे दोन डोंगरांमधली उभी घळ, नुसते धोंडे. भागोजीनं पाळणा दोरानं पाठीला बांधला.

बायको येसू म्हणाली, "अवो, पाळणा रिकामा नेऊ नये. वरवंटा ठेवा आत."

"त्या चढाला वरवंटा? खुळी का काय तू," म्हणाला नि निघाला.

चांदणं पिठासारखं. नात झालेली, गडी खुशीत, गुणगुणत चाललेला. उंबरापाशी पाळणा जरा जड लागला. दमलो असेन म्हणाला. बसला, बिडी ओढली, उठला. आणखी जड. पुढं गेला तर पाळणा हलायला लागला. करकर, करकर. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं, सांगते तुम्हाला. मग मानेला गार लागलं. इवलासा हात.

"आबा, झोका दे."

मागं बघायचं नसतं, एवढं तरी ध्यानात राहिलं शहाण्याच्या. चढत राहिला. घाम पुसायचीसुद्धा सोय नाय. आला कातळाचा टप्पा. खाचांत बोटं घालून वर सरकायचं, खाली धोंडेच धोंडे. अर्ध्यात गेला नि पाठीवरचं ते मागं रेललं.

"आबा, दे ना झोका."

आणखी रेललं. बोटं सुटायला लागली. दोर सोडला असता तर पाळणा जाता, जीव राहता. पण लेकीचा पाळणा हो. सोडवेना त्याला.

आणि तिथं, लोंबकळताना, येसूचं बोलणं आठवलं. पाळणा रिकामा, म्हणून तर बसलंय कुणीतरी. वरच्या खाचेत एक गोटा अडकलेला, वरवंट्याएवढा. एका हातानं लटकला, दुसऱ्यानं गोटा उपसला, खांद्यावरून मागं पाळण्यात टाकला.

"चंद्राचं बाळ निजलंय आत," म्हणाला. "तुला जागा नाय."

पाठ हलकी झाली. एकदम. खाली धोंड्यांतून कुणीतरी मुळूमुळू रडत उतरत गेलं. आबा सांगायचा, पोरी, वाईट वाटलं मला, पण थांबलो नाय.

उजाडता वर पोचला. बारसं झकास झालं. पाळण्यात आधी गोटा निजवला, मग मला. हो, मीच ती.

ते मात्र अजून तिथंच हाय. रिकामं दिसलं की बसतं. म्हणून रात्री नाळेनं जायचं नाय, नि पाठीवर रिकामी टोपली घेऊन तर दिवसासुद्धा नाय.

आणि गोटा? मघाशी भाकरीबरोबर चटणी चाटूनपुसून खाल्लीत ना? त्यानंच वाटली.