अकराव्या मजल्यावरचं लाल कापड

मी, रोजलान बिन हमदान, वय ४३ वर्षे, धंदा छायाचित्रण, राहणार बेडोक, सिंगापूर. कोणी न बोलावता आज पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की,

पाडायला काढलेल्या जुन्या सरकारी इमारतींचे फोटो मी काढतो. आमच्या भागातली बारा मजली लांबलचक इमारत पुढच्या वर्षी जाणार आहे. तिच्या अकराव्या मजल्यावर श्रीमती तेओ सिऊ खिम, वय ७६, एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदरापर्यंतचं शहर दिसतं, म्हणून महिनाभर मी त्यांच्याकडे जात होतो. गेलो की बार्लीचं पाणी मिळायचं. मी त्यांना आंटी म्हणतो. गेल्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून त्या कपडे घरातच वाळवतात. हे मला माहीत होतं.

काल सकाळी मी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर होतो. अख्खी दर्शनी बाजू चौकटीत बसली होती, पण बरीचशी घरं रिकामी झालेली. खिडक्यांच्या सरळ रांगा, माणसाची खूण कुठेच नाही. मी आंटींना फोन केला आणि हट्ट धरला.

"आंटी, काहीतरी लाल बाहेर लावा ना. भिंत फार ओकीबोकी दिसतेय."

"लाल? मी काय नवरी आहे? धुणं कालच झालं. आणि हात धड आहे का माझा?"

"पाचच मिनिटं, आंटी. ऊन सरकतंय."

"तुझ्यापुढे कोणाचं चालतंय! थांब, बघते."

लाल कापड अडकवलेला बांबू खिडकीतून बाहेर आला. धुण्याचे बांबू आडवे रोवायला खिडकीखाली बाहेरून नळ्या असतात, त्यातल्या एकीत त्याचं टोक बसेना. मला ते भिंगातून स्वच्छ दिसत होतं. 'राहू द्या' म्हणायला हवं होतं, फोन खिशातच होता. मी फोटो काढत राहिलो. बांबू सुटला, झाडावर आदळला आणि खाली झाडलोट करणाऱ्या श्री. मुनियांडी यांच्या अंगावर पडला. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं आहे.

आपण कपडे वाळत घालत होतो, असं आंटींनी पोलिसांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. जप्त केलेलं कापड पाहावं. तो त्यांचा चिनी नववर्षाचा टेबलक्लॉथ आहे. मी धावत खाली जाऊन तो उचलला, तेव्हा कोरडा होता, इस्त्रीची घडी तशीच होती, डांबरगोळ्यांचा वास येत होता. कोरडं कापड कोणी वाळत घालत नाही. वरून वस्तू पाडून कोणाला इजा केल्याचा गुन्हा लागला तर सरकारी घर जाऊ शकतं, मग या वयात त्यांनी कुठे जायचं? करणी माझी आहे, भरायचं ते मी भरेन.

पोलीस त्यांना खाली घेऊन आले, तेव्हा मी लिफ्टपाशी उभा होतो. त्यांनी ओळख दाखवली नाही. जवळून जाताना फक्त हळूच विचारलं, "चांगला आला का रे?"

मी मान हलवली. फोटो खरंच चांगला आला आहे आणि मला त्याची लाज वाटते. कॅमेऱ्याचं कार्ड जमा करत आहे.

जबाब मला मलय भाषेत समजावून वाचून दाखवला. त्यात 'विनंती केली' असं लिहिलं होतं. माझ्या सांगण्यावरून ते खोडून 'हट्ट धरला' असं केलं. आता तो बरोबर आहे.