गादे लांबूनच बघायचे

...अहो, नुसती पेटी हो! काळ्या चामड्याची, हातभराहून थोडी लांब, टोकाला पितळी कडी. मुंबईच्या सभ्य माणसाच्या बगलेत शोभेल अशी पेटी, पण तुम्हाला सांगतो, मालवणच्या धक्क्यावर एका मुंबईकराच्या हातात ती दिसली आणि आमच्या सहदेव तांडेलाचं डोकं फिरलं. किल्ला बघायला येणाऱ्यांना शिडाच्या होडीतून न्यायचं हा त्याचा धंदा, आणि संशय घ्यायचा हा स्वभाव. बायकोनं चहा पुढे केला तरी आधी वास घेणार. वारा बरा सुटला तर आज हा एवढा बरा कसा म्हणून आभाळाकडे बघणार. देवळातला कौल मनासारखा मिळाला तर गुरवाकडे बघणार... आता अशा माणसासमोर तुम्ही बंद पेटी घेऊन येता, म्हणजे काय?

"साहेबानू, पेटयेत काय आसा?"

"दुर्बीण," तो मुंबईकर म्हणाला.

झालं. सहदेवानं दुर्बीण बघितली नव्हती का? कस्टमवाल्याच्या गळ्यात बघितली होती, वीतभर, दोन डोळ्यांची. ही एवढी लांब? म्हणाला, उघडून दाखवा. तर मुंबईकर म्हणतो, इथे वाळू उडतेय, काचेत जाईल, पुढे गेल्यावर उघडतो. पुढे गेल्यावर! म्हणजे समुद्रात, जिथे कोणी बघायला नाही तिथे. त्या मुंबईकराची बायको बिचारी शपथेवर सांगते, अहो खरंच दुर्बीण आहे. पण सहदेव तांडेल! विश्वास ठेवील तर शपथ. त्याच्या हिशेबी आत बंदूक होती, आणि ती गाद्यांसाठी होती.

गादे म्हणजे आपले ते हो, थंडीत किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला पाठी काढून उड्या मारत जातात ते. पुस्तकात डॉल्फिन म्हणतात. साठ-एकसष्टच्या सुमाराला मुंबईची मंडळी ते बघायला येऊ लागली होती. आणि आदल्या वर्षी काय झालं होतं, तर अशाच एका टोळक्यानं दुसऱ्या एका होडीवाल्याला गाद्यांच्या मागे लावलं. आरडाओरडा, पाठलाग, हसणं-खिदळणं. गादे बिथरले ते थेट किनाऱ्याकडे, रापणीच्या जाळ्यात. जाळं फाटलं ते फाटलंच, पण एक पिल्लू आत गुरफटून गुदमरलं. ते सोडवून वाळूवर ठेवणाऱ्यांत सहदेव होता. पिल्लाची आई दिवस मावळेपर्यंत समोरच्या पाण्यात घिरट्या घालत होती, आणि हा वाळूत बसून बघत होता. त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. तेव्हापासून त्याच्या होडीचा कायदाच झाला. हात पाण्यात घालूचो नाय. काय टाकूचा नाय. उभ्या रवूचा नाय. गाद्यांच्या मागे होडी जावची नाय.

मुंबईकरानं सगळं मान्य केलं. इतक्या पटकन मान्य केलं की सहदेवाला आणखी संशय आला! पेटी मागून घेतली, आपल्या पायाखाली ठेवली आणि वर पाय रोवून सुकाणू धरून बसला. मुंबईकरानं खिशात हात घातला की ह्याचे डोळे बारीक. रुमाल काढला? असेल, पण रुमालाखाली काय? विश्वास ठेवील तर शपथ.

आता होडीत आणखी एक जण होता. भाई. सहदेवाचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, जानकीचा, सख्खा भाऊ. पाहुणे गाठायचे, बोलण्यात गुंगवायचे आणि होडीत आणून बसवायचे, हे त्याचं काम. येताना त्यानं एक झाकलेली टोपली आणली होती आणि रॉकेलचा रिकामा डबा. तुम्ही म्हणाल, सहदेवानं त्या टोपलीबद्दल विचारलं असेल? छे हो. घरचा माणूस. त्याच्याकडे कशाला बघायचं?

किल्ल्याला वळसा घातला आणि गादे दिसले. मोठी मादी आणि तिच्या कुशीला लागून पिल्लू. मुंबईकराची बायको हात जोडावेत तशी बसली. सहदेवानं पेटीवरचा पाय आणखी दाबला, मुंबईकराच्या हातांवर नजर ठेवली... आणि त्याच्या पाठीमागे धडाधड डबा वाजायला लागला.

भाई उभा! एका हातानं डबा बडवतोय, दुसऱ्या हातानं टोपलीतले बांगडे पाण्यात भिरकावतोय, आवाजानं म्हणे गादे जवळ येतात. वर आपल्याच अकलेनं शिडाची दोरी सोडून ओढली, आणि होडी गर्रकन वळून नेमकी माय-लेकरांच्या मध्ये घुसली. पिल्लू ह्या बाजूला, आई त्या बाजूला. पिल्लू होडीच्या फळीला घासत पुढे जातंय, मागे येतंय, त्याला वाट सापडेना. आणि आई वर येऊन असा श्वास सोडतेय की अंगावर काटा यावा.

सहदेवानं पेटी सोडली, झेप घेऊन शीड खाली पाडलं, भाईच्या हातातला डबा ओढून घेतला आणि त्या डब्यावरच बसला. वल्ह्याला हात लावू दिला नाही, पिल्लाला लागेल म्हणून. होडी नुसती तरंगत राहिली. तरंगत कुठे, खडकाकडे! तिथले खडक ठाऊक आहेत ना?

"आपण खडकावर जातोय का?" बाईंनी हळूच विचारलं.

"जातोंव," सहदेव म्हणाला. "गप बसा."

भाई चुळबुळला, म्हणाला, वल्हं तरी मारूया. सहदेवानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मुंबईकरानं बायकोचा हात धरला. कोणी हललं नाही. शेवटी पिल्लू खाली गेलं, होडीच्या खालून गेलं, आणि त्या अंगाला आईच्या पाठीशी वर आलं. मग सहदेवानं वल्ही उचलली, पण तोवर खडकानं एका फळीचा टवका काढलाच.

लांब आल्यावर मुंबईकरानं पेटी उघडली. दुर्बीण! पितळी, एका डोळ्याची, लांबलचक. म्हणाला, "अहो, आम्हाला लांबूनच बघायचं होतं. जवळ नेतो असं हे भाईच म्हणाले." आणि ती सहदेवाच्या हातात दिली. सहदेवानं डोळा लावला. आत ती दोघं, अगदी अंगाला अंग लावून पोहत होती. बराच वेळ बघत राहिला. मग दुर्बीण उलटी करून पुढच्या काचेवर बोट फिरवलं, चित्र तर चिकटवलेलं नाही ना? तुम्हाला सांगतो, विश्वास ठेवील तर शपथ.

घरी जानकीला सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, "तो माझो भाव. लहानपणापासून मी त्येका वळाखतंय. त्येच्याकडे सोडून तुमी पेटयेकडे बघीत बसलात?"

सहदेव भात कालवत राहिला. दुसऱ्या दिवशी भाई हसतमुखानं नवे पाहुणे घेऊन धक्क्यावर हजर, आणि सहदेवानं त्याला होडीत घेतलंही. मी म्हटलं, अरे सहदेवा, ह्याला परत कशाला?

तर शिडाची दोरी आवळत म्हणाला, "गाद्यांका लांब ठेवूक येता रे. मेवण्याक खंय ठेवतलंय?"