आधी निघेनात, मग परतेनात

मंडळी, एक सांगा. शेजारच्या घरात मारहाण चाललीय — आपण दार लावून घ्यावं की धावून जावं?

"धावून जावं!"

वा! काय जोरात ओरडलात! परवा वरच्या आळीत काठ्या निघाल्या, तेव्हा मी पाहिलं ना, कोण कोण खिडकीच्या फटीतून धावत होतं ते!

असो. ऐका. निवांतगड नावाचं एक राज्य. तीन बाजूंना डोंगर, चौथीकडे रुंद खाडी. राजा भूपसेन. त्याची सक्त आज्ञा — आपली होडी पैलतीराला लागता कामा नये! जगाचं जग बघेल!

त्या खाडीवर धुरपदा नावाची विधवा होडी वल्हवायची. जिभेची फटकळ, काळजाची मऊ. एक दिवस बघते तर पलीकडचं तळवड पेटलेलं! चंडकेतू राजानं धाड घातलेली. बायका लेकरं खांद्यावर घेऊन गळाभर पाण्यात उभ्या — हाका मारतायत हो! धुरपदा तडक दरबारात.

"महाराज, माणसं बुडतायत. होडी सोडू?"

"आपलं काय जातं त्यात?"

"आज नाही जात. उद्या जाईल!"

"मग उद्या बघू!"

तीनदा गेली बाई! तीनदा! दगडाला सांगितलं असतं तर त्याला घाम फुटला असता!

आणि चौथ्या दिवशी, भर दुपारी, चंडकेतूची गलबतं निवांतगडाच्याच बंदरात घुसली. धक्का जाळला, बत्तीस कोळी कापले. तेव्हा कुठं महाराजांना जाग आली! "उचला शस्त्रं!" धुरपदाचा एकुलता एक राणोजीही निघाला. तिनंच त्याला पलीकडे सोडलं. म्हणाली, "माणसं सोडव आणि घरी ये."

तीन वर्षं रण पेटलं. वाघासारखे लढले हो निवांतगडचे, खोटं कशाला बोलू? चंडकेतू पडला! तळवडकरांनी पायघड्या घातल्या. धुरपदा लेकाला आणायला गेली, तर राणोजी वेशीवर चौकी मांडून बसलेला.

"चल घरी."

"कसा येऊ, आई? यांना सांभाळणार कोण? आता पुढच्या बेटावर चौकी बसवायचीय. मग त्याच्या पुढच्या. महाराज म्हणतात, आपल्याशिवाय जग चालायचं नाही."

घ्या! काल जगाचं तोंड बघायचं नव्हतं, आज जगाला यांच्यावाचून घास उतरेना! कपाळावर हात मारावा तर हात दुखतो!

एवढ्यात तळवडची एक म्हातारी घागर घेऊन आली. चौकीपुढं वाकून म्हणाली, "सरकार, विहिरीवर जाऊ का?"

विहीर तिची! गाव तिचं! आणि परवानगी यांची!

धुरपदा लेकाकडं वळली. आवाज चढला नाही तिचा. "राण्या, चंडकेतूलाही ही असंच विचारत होती का रे?"

राणोजीची मान खाली गेली. मग म्हातारीची घागर भरून आणली, तिच्या दारात ठेवली, तलवार चौकीत टाकली आणि येऊन होडीत बसला.

एकटा राणोजी आला, मंडळी. राजा नाही आला. बाकीचे नाही आले. चौक्या वाढतच गेल्या, आणि धुरपदा दरबारात सांगून सांगून थकली.

आता हसता कशाला? भाऊ आजारी पडला, तुम्ही त्याचं शेत सांभाळलंत — पुण्य केलंत! जायलाच हवं होतं! पण भाऊ उठून हिंडायला लागला त्याला दोन वर्षं झाली. मग त्याच्या वावरात काय पेरायचं, हे अजून तुम्हीच का ठरवताय?

टाळ वाजवू नका. उत्तर द्या!