चार्ज देताना

बस ना, उभी काऊन राहिलीस – ती नको, तिचा पाय हलते, ही खुर्ची घे. ऑफिस अकराले उघडते हे मले बी माहीत आहे, मीच तं तुले नऊले बोलावलं. आठ वर्षांच्या फायली आहेत, एक-एक समजावून द्यायची म्हटलं तं वेळ लागते. अन् एकदा मॅडम लोक आले का मंग बोलणं होत नाही. खुशी ना तुझं नाव? मुर्रीची. मंग जवळच आहे तुले, मी कामठ्याहून येणं-जाणं करते म्हटलं तं रोजचा एक तास जाते – जायचा. आता जायचा म्हणायचं. काय? हो, थँक्यू. आयर्लंड. कॉर्क नावाचं शहर आहे तिथं. गुरुवारी निघते म्हणून सांगितलं आहे सगळ्यायले. तू बी ऐकलं असशीलच, बॅनर पाहिला असशील बसस्टँडवर. तो आमच्या बाबानं लावला. केशोराव म्हणजे साधा माणूस, धानाच्या बांधीतून वर न आलेला, पण पोरगी परदेशात जाऊन राहिली म्हटल्यावर त्यानं विक्कीच्या दुकानात जाऊन दहा फुटाचा फ्लेक्स काढला. माझा फोटो, मागं विमान, अन् विमानाच्या मागं अमेरिकेचा झेंडा. मी म्हटलं, बाबा, हा त्या देशाचा नाही. तं म्हणते, विक्कीकडं तोच होता, लोकायले काय समजते. आता ते विमान रोज मले पाहते. मी स्टोल बांधून मागच्या गल्लीनं येते.

कायले? उन्हाचं. उन्हाचं बांधते.

हे कपाट पाहून घे पहिले. कुलूप उघडतानी दार थोडं वर उचलावं लागते, नाहीतर चावी फिरत नाही. वरचा खण कौटुंबिक हिंसाचाराचा, मधला शाळा सोडलेल्या पोरायचा, खालचा बालविवाहाचा. खालचा नंतर पाहू. तुझं एमएसडब्ल्यू कुठचं? नागपूर. माझं बी नागपूर. मंग तुले सांगते, ऐकून ठेव, कधी तुझ्या मनात आलं तं कामी येईल. आपण इथं कायचे सोशल वर्कर आहोत – इथं ज्यानं दोन ब्लँकेट वाटले अन् फोटो काढला तो समाजसेवक. तिकडं तसं नाही. तिकडं नर्ससारखं आहे, रजिस्टरमध्ये नाव पाहिजे, नाहीतर तो शब्द सुद्धा स्वतःले लावता येत नाही. मले हेच आवडलं होतं बाई. म्हटलं, कुठं तरी या कामाले नाव आहे. मंग इंग्रजीची परीक्षा – पहिल्यांदा बोलण्यात गेली. आमच्या घरी इंग्रजी बोलायले कोण? खळ्यात जाऊन एकटी बोलत राहायची, आई म्हणे, पोरगी पुटपुटून राहिली, बाहेरचं तं नाही लागलं. दुसऱ्यांदा निघाली. मंग कागद. तिकडचं जे कौन्सिल आहे त्यायचं पत्र आलं – तुमच्या देशातल्या नोंदणी परिषदेचा दाखला जोडा. आपल्याकडं अशी परिषदच नाही. मी तसं लिहिलं. ते म्हणाले, नसन तं नाही असं कोणाकडून तरी लिहून आणा. आता जी नाहीच आहे तिच्या नसण्यावर सही कोण करन? तीन महिने मी फिरली. शेवटी कॉलेजच्या एका जुन्या सरांनी लेटरहेडवर लिहून देलं. त्यायले काय वाटलं असन माहीत नाही, पण देलं.

हसू नको, मले तेव्हा रडू येत होतं.

मंग मुलाखत झाली, या इथंच, रविवारी, या टेबलावर – घरी नेटवर्क राहत नाही. समोर स्क्रीनवर तीन जण. दोन बाया, एक माणूस, सगळे हसतमुख. लहान पोरायच्या संरक्षणाचं काम होतं, म्हणजे आपलंच, हेच. एक तास बोलले. अन् चार दिवसानं नोकरीचं पत्र. तू पाहशील तं तुले बी वाटन, झालं सगळं. खाली एक ओळ होती, रुजू व्हायचं ते नोंदणी झाल्यावर. ज्यायच्याकडून मी कागद भरत होती ते नागपूरचे सल्लागार म्हणाले, ते फॉर्मॅलिटी असते मॅडम. मी त्याच आठवड्यात इथला राजीनामा देला. एवढी घाई काऊन केली म्हणतेस? बरोबर विचारलंस. सगळे हेच विचारतीन, मी जाऊन नाही राहिली हे कळलं का – म्हणजे...

हां. निसटलं तोंडातून.

दार लाव थोडं. पंखा राहू दे.

खुशी, मी जाऊन नाही राहिली. गुरुवारी नाही, कधीच नाही. निरोप समारंभ झाला ना इथं, शाल-श्रीफळ, प्रकल्प अधिकारी बोलले, आपली प्रेमिला सातासमुद्रापार गोंदियाचं नाव नेणार – त्याच्या आठ दिवस आधीच कौन्सिलचं पत्र आलं होतं. दुपारी दोन वाजता, मी भात खात होती. नकार नाही म्हणे तो. फक्त तुमच्या अभ्यासात त्यायचा कायदा नाही, अन् तुमच्या फील्डवर्कवर नोंदणीवाल्या माणसाची देखरेख नव्हती, म्हणून तुम्ही काही महिने आमच्या देशात, आमच्या नोंदणीवाल्या माणसाच्या हाताखाली काम करा, मंग नोंदणी देऊ. नाहीतर परीक्षा द्या. परीक्षा पुढच्या वर्षी. बरं, मी नोकरीवाल्यायले लिहिलं, मले हाताखाली घ्या. ते म्हणाले, घेतलं असतं, पण व्हिसा नोंदणी झालेल्यालाच भेटते. म्हणजे पाहा – नोंदणी पाहिजे तं आधी तिथं काम कर, काम पाहिजे तं आधी नोंदणी दाखव. वर्षभर जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून त्यायनी दुसरा माणूस घेतला. चांगल्या शब्दात लिहिलं, वाईट वाटते असं. मले बी वाटलं का त्यायले खरंच वाईट वाटलं असन.

अन् मी ती शाल घेऊन बसली. सांगता नाही आलं. बाबा पहिल्या रांगेत होता, धोतराले इस्त्री करून आला होता. अधिकारी बोलले का तो मागं वळून पाहे, लोकायनी ऐकलं का नाही. त्याले कसं सांगू? आता घरी सांगते, खरेदीले जाते गोंदियाले. आई म्हणते किती खरेदी करतेस. आतापर्यंत एक कानटोपी घेतली. गुरुवारी मी कुठं जाईन हे मलेच माहीत नाही. स्टेशनवर तं जावंच लागन, सगळं गाव पोचवायले येणार आहे.

ती फाइल ठेव खाली. ती नको उघडू आत्ता. खुशी, ठेव म्हणते ना.

उघडलीच तं मंग. वाच. पुष्पांजली, वय सोळा, सडक अर्जुनीच्या पुढचं गाव. ही पोरगी एकटी आली होती इथं, दोन बस बदलून. तू आत्ता जिथून आलीस त्या व्हरांड्यात सकाळपासून बसली होती. मी आत घेतलं तं एवढंच म्हणाली – मॅडम, मले घरी पाठवू नका, माझं लगन लावून राहिले. मी सगळं नियमानं केलं. बालकल्याण समितीले कळवलं, मायबापाले बोलावलं. बाप बिसराम, भला माणूस वाटे, हात जोडून बसला. माय तिच्या केसावरून हात फिरवत होती. त्यायनी लिहून देलं, अठरा होईपर्यंत लगन करणार नाही. अन् मी त्या पोरीले विचारलं – मायबापाच्या समोर, माय तिचा हात धरून बसली होती तेव्हा विचारलं – जाशील ना बाई घरी? तिनं मान हलवली. मी लिहिलं, स्वखुशीनं पालकांसोबत गेली. समितीनं माझं लिहिलेलं वाचून आदेश देला. हे अक्षर माझंच आहे.

मुलाखतीत त्या बाईनं विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. मी हेच सांगितलं. का पोरीले वेगळं बसवून विचारायले पाहिजे होतं, मी नाही विचारलं, अन् तिचं लगन सीमेपलीकडं छत्तीसगडात नातेवाइकाच्या घरी लावून देलं. त्या बाईनं चष्मा काढला. म्हणाली, स्वतःकडं इतकं प्रामाणिक पाहणारे लोक आम्हाला पाहिजेत. समजलं तुले? ती नोकरी मले त्या पोरीवर भेटली. अन् नोकरीचं पत्र आल्यावर मले या कपाटाजवळ बसवे ना. म्हणून राजीनाम्याची घाई.

पुढचं पान? तारीख विचारतेस ना. हो, एकवीस तारीख, गृहभेट केली, मुलगी समाधानी, शाळेत जात आहे.

एकवीस तारखेले माझी इंग्रजीची परीक्षा होती, नागपूरले. दुसरी. मी गेलीच नाही त्या गावाले. परत येऊन, इथं बसून लिहिलं. सगळेच लिहितात असं एखाद-दोन वेळा, बस नसते, पाऊस असते, मी बी आधी – नाही, आधी कधी नव्हतं लिहिलं. हे पहिलंच. अन् लगन सव्वीसचं होतं. पाच दिवस. गेली असती तं अंगणात मांडवाचे बांबू दिसले असते बाई, बाया हळद कुटतानी दिसल्या असत्या. हे मी त्या तिघायले नाही सांगितलं. अर्धी चूक सांगितली. अर्ध्यावरच त्यायनी माझी एवढी तारीफ केली.

आजपर्यंत कोणालेच नव्हतं सांगितलं. तुले कायले सांगून राहिली मी, तुझं माझं काय.

खरं सांगू, तुले मी चार्ज द्यायले नाही बोलावलं इतक्या सकाळी. एक गोष्ट मागायची होती. माझा राजीनामा मंजूर आहे, पण चार्ज देईपर्यंत मी इथलीच. तू आज जॉइन नाही झालीस, घरची अडचण आहे म्हणून लिहून देलंस, तं मी वर जाऊन सांगू शकते, माझं जाणं पुढं ढकललं, राहू द्या मले. त्यायले माणूस पाहिजेच आहे. अधिकारी ठेवून घेतीन. बाबाले सांगता येईन, ऑफिसनं सोडलं नाही. कालपासून मी हे वाक्य पाठ करून राहिली, तुझ्यासमोर कसं म्हणायचं. तू नवीन आहेस, तुले दुसरं भेटन. असं मी स्वतःले सांगितलं. तुले किती वर्षं झाली पास होऊन? तीन. तीन वर्षं काय करत होतीस? कपड्याच्या दुकानात. हं.

काय करून राहिलीस? ते जॉइनिंग लेटर बॅगेत काऊन टाकतेस? मी मागितलं म्हणून देऊन टाकतेस लगेच? वेडी आहेस का तू. काढ बाहेर. काढ म्हणते. सोळा वर्षांच्या पोरीनं मान हलवली तं मी खरी मानली, आता तुझी बी मानू? तुझ्या मनात काय आहे ते तरी विचारलं का मी? नाही विचारलं. परत तेच केलं.

टेबलावर ठेव. पेन घे. चार्ज रिपोर्टमध्ये खाली शेऱ्याची जागा आहे, तिथं लिही – सदर प्रकरणात एकवीस तारखेची गृहभेट प्रत्यक्षात झालेली नाही. माझं नाव घालून लिही. हात थांबवू नको, मी सही करते. हो, माहीत आहे, मंग मले इथं परत घेणार नाहीत, चौकशी बी लावतीन. लावू दे. अन् या आठवड्यात पुष्पांजलीले भेटून ये, बिसरामच्या घरी नाही, तिच्या सासरी. पत्ता मागच्या पानावर पेन्सिलनं आहे, मीच काढला होता, गेली नाही. तिले पोरगं झालं म्हणतात. माझं नाव नको सांगू, ती दार लावून घेईन. तिले विचार तिले काय पाहिजे. शाळा म्हणाली तं शाळा, काहीच नाही म्हणाली तं दुसऱ्यांदा जा.

दे, सही करते.

झालं. आता तुझी.

कोण आहे? या, आत या – नाही. थांब, खुशी. व्हरांड्यात बाई आहे एक, सोबत शाळेच्या ड्रेसमधली पोरगी. बाई, मॅडम मी नाही, ही आहे. ही. हिच्याशी बोला. खुशी, उठ, इकडं बस, टेबलाच्या या बाजूले, मी माझी पर्स उचलून घेते. पोरीले आत घे, मायले बाहेर बसायले सांग, पाणी दे तिले. मी बाहेर तिच्याजवळ बसते. नाही, बसत नाही. मी घरी जाते. बाबा आता बांधीवर असन, तिथंच गाठून सांगते त्याले, गुरुवारी लोक जमायच्या आधी.

माझ्याकडं नको पाहू. तिच्याकडं पाह. दार लाव.