दोरीवरचे सात शर्ट

— काढा हो फोटो, काढा, लाजता कशाला, सगळेच काढतात. आमच्या या आल्फामा वस्तीत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो न काढता परत गेलेला पाहुणा मी तरी अजून बघितला नाही. फक्त मला त्यात घेऊ नका. बसा त्या हौदाच्या कठड्यावर, तिथे कोरडं आहे. आमची भाषा कळते ना? थोडी? पुरे. मी बोलते त्यातलं अर्धं तर इथल्या लोकांनाही ऐकायचं नसतं. काय म्हणालात, नदी? नदीचा रस्ता विचारताय होय? उतारावर पाय सोडायचे, सांडपाणी जिकडे जातं तिकडे जायचं, तेजो काय कुठे पळून जाते! पण तुम्ही लोक नकाशात बघत बघत चढत राहता आणि इथे आमच्या धुण्याच्या हौदापाशी येऊन धापा टाकता. घ्या, पाणी प्या आधी.

हे? पुरुषाचेच शर्ट, हो. माझ्या नवऱ्याचे. अमिल्कारचे. दर मंगळवारी सात — काय बघताय, हौदातलं पाणी? सात शर्ट धुतले आणि पाणी कसं नितळ, असंच ना? तुमच्याच लक्षात आलं बघा. जाऊ दे, तुम्ही उद्या-परवा विमानात बसाल, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे — मळलेले नव्हतेच. तो मार्चमध्ये गेला. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या फेरीबोटीवर दोर टाकायचा, सव्वीस वर्षं. एका सकाळी धक्क्यावर दोर टाकला, खाली बसला, आणि उठलाच नाही. सोबतच्यांना वाटलं, बुटाची नाडी बांधतोय.

आता हळूच वर बघा — एकदम नको, हळूच. चौथा मजला, हिरवी खिडकी. ती माझी सासू, दोना इदालिना. एक्याण्णव पूर्ण. तो गेला तेव्हा हिच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणाले, जरा सावरू द्या, मग सांगा. ती सावरली, पण तोवर माझीच जीभ जड झाली. आज सांगू, उद्या सांगू, ईस्टर होऊ दे, संत अन्तोनियोचा सण होऊ दे, सणात भाजलेल्या सार्डिन मासळीचा धूर तरी विरू दे — ऑक्टोबर उजाडला. डोळ्यांना तिच्या रंग दिसतात आणि माणसाचा आकार, बाकी सगळं धुकं. खाली उतरणं नाही. तिला सांगितलंय, अमिल्कार पलीकडच्या गोदीत दोन-दोन पाळ्या करतो, पहाटे जातो आणि तू झोपल्यावर येतो. आणि पुरावा काय? शर्ट! तीस वर्षं याच हौदावर लोकांची धुणी धुतलेली बाई ती. दोरीवर शर्ट आहेत म्हणजे घरात पुरुष आहे, एवढंच तिचं शास्त्र. वरून ओरडते, "आईकडे यायला फुरसत नाही आणि शर्ट बरे सात मळवतो! कुठल्या बाईकडे जातो, विचार त्याला!" — आणि मी खालून म्हणते, विचारते हं आई.

अख्खी गल्ली सामील आहे यात. अंत्यविधीची घंटा वाजली तेव्हा तिने विचारलं, कोण गेलं गं? — माझ्या तोंडून निघून गेलं, कुस्तोदियो, आई, आपला चांभार. तो बिचारा ठणठणीत! तेव्हापासून तो या खिडकीखालून जात नाही, गुडघे धरत धरत मागच्या पायऱ्यांनी वळसा घालतो. परवा म्हणाला, "देओलिंदा, तुझ्या नवऱ्यापायी मी सात महिने मरून राहिलोय. म्हातारी माझ्या नावाने मेणबत्त्या लावते. अजून किती दिवस?" — हसा, हसा. मलाही हसूच आलं होतं.

आणि हा पिवळा ब्लाऊज. आमच्यात नवरा गेला की काळं घालायचं, आणि मग तेच, मरेपर्यंत. सासूने चाळीस वर्षं घातलंय. मी घालते घरात, दार लावून. बाहेर पडताना हा पिवळा. मासळीवाल्या ओदेतला सगळं माहीत आहे, तरी म्हणते, "खुलतो हो तुला पिवळा."

आणि एक — हे कोणाला बोलले नाही मी. पहिल्या मंगळवारी या शर्टांना त्याचा वास होता. डिझेलचा, तंबाखूचा, मानेपाशी घामाचा. धुऊच नयेत असं वाटत होतं. पण सासू येऊन बसली खिडकीत. धुतले. दुसऱ्या मंगळवारी कॉलरपाशी उरला होता थोडा. तिसऱ्या मंगळवारी नुसता साबण. मीच धुऊन टाकला — या हातांनी. कधी कधी फार राग येतो हो तिचा. तिचा मुलगा अजून आहे. माझा नवरा नाही.

अरे, उठलात? — थांबा. हलू नका. ती हात करतेय. मला नाही — तुम्हाला. तुम्ही असे शर्टांच्या मधोमध उभे राहिलात ना — उंची तीच, खांदेही तसेच — अगं बाई, उभी राहिली! काठी न घेता उभी राहिली! "अमिल्कार! ए पोरा!" — ऐकलंत?

बोलू नका काही, आवाज ओळखेल ती. नुसता हात वर करा. एकदाच. तुमचं काय जातंय, हात वर करायचा आणि चालू लागायचं, माझा हिवाळा निघेल, तिचा निघेल — पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती काही — हां, असाच, अजून थोडा वर —

नको. खाली घ्या. खाली घ्या म्हणते ना तो हात!

रडतेय ती. तोंडावर हात धरून रडतेय, वर ये म्हणतेय. जेवण गरम करते म्हणतेय.

जा तुम्ही. नाही, तुमचं काही चुकलं नाही, मीच — जा आता, मागे बघू नका, ती तुमच्याकडेच बघतेय. जा!

आले, आई. हो, येते वर. नाही — तो नाही. मी एकटीच.