दाताला लावलेला मोती

तुम्हाला सांगते, माझं लग्न एका तन्मण्यावरून मोडायला आलं होतं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. नाशिक रोडच्या आमच्या घरी साखरपुडा होता आणि माझ्या गळ्यात मोत्यांचा तन्मणी होता. देवळाली कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाची बदली झाली, तेव्हा आईने तो त्यांच्याकडून विकत घेतला होता.

नवऱ्याच्या मामांनी विचारलं, "कुठल्या पेढीवरचा?"

आईने खरं तेच सांगितलं. "जुना घेतलाय, कॅम्पातून."

"म्हणजे सेकंडहँड! मला तर काचेचे मणी वाटतायत." मामांनी खिशातून काडेपेटी काढली. "जाळून बघू. खोटे असले तर लगेच कळेल."

आईने मामांचा हातच धरला. "काडी लावली तर खराही काळा पडेल. दातावर हळूच घासून बघा. खरा मोती बारीक वाळूसारखा खरखरतो, काचेचा गुळगुळीत लागतो."

"द्या इकडे," होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

मी तन्मणी काढून दिला. त्यांनी एक मोती दातावर फिरवला.

"खरखरतोय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातली माळ उचलली. ती मोठ्या पेढीवरची होती. त्यातला एक मोती घासला, मग दुसरा घासला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या आईकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, काचेचा कसा लागतो म्हणालात?"